पत्र्याखालचा संसार

थंडीच्या पहाटे पत्र्यावरून पाण्याचे थेंब अंथरुणावर टपकू लागले की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, पत्रा गळतोय. पाऊस तर दिवाळीआधीच संपलेला, मग गळते कोठून? तरीही कोणीतरी वर चढते, सांध्यांवर डांबर फासते, वळचणीच्या फटीत सिमेंट भरते. थेंब थांबत नाहीत आणि एप्रिल उजाडला की त्याच खोलीची भट्टी होते.

आमच्या घरी अगदी हेच झाले. वडिलांच्या वेळचे कौलारू घर. धाकट्या भावाचे लग्न ठरले तेव्हा कौले उतरवली, भिंती दोन हात उचलल्या, वर पत्रा टाकला आणि पोटमाळ्याची खोली केली. नाशिकच्या वस्त्यांत अशी वाढवलेली घरे कितीतरी आहेत. जागा विकत घेण्याची ऐपत नसली की माणूस वर चढतो! पण वहिनी बाळंतपण करून आली आणि दुपारी त्या खोलीत बाळाच्या अंगावर घामोळे उठले. बाळाची झोळी खाली स्वयंपाकघरात बांधावी लागली. तेव्हा कोठे आम्ही या छताचा नीट विचार केला.

कौलांमध्ये फटी असतात. चुलीचा धूर, उकळत्या भाताची वाफ, माणसांचे श्वास त्या फटींतून निघून जात. पत्र्याला फट नाही. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा गार पडतो आणि घरातली वाफ त्याला लागून पाणी होते; थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून दव धरते तसेच. म्हणजे तो पत्रा गळत नव्हता, आमचीच वाफ आमच्या अंगावर पडत होती. त्यावर आम्ही डांबर फासले. काळा रंग ऊन शोषतो, म्हणून उन्हाळा वाढला. सिमेंटने फटी बुजवल्या, म्हणून तापलेली हवा आतच कोंडली. एका चुकीच्या उपायाने दोन दुखणी जडली.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा प्रश्न भिक्खुसंघापुढेही आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात निवासस्थानांविषयीचे एक प्रकरण आहे. गवताने शाकारलेले विहार थंडीत थंड आणि उन्हाळ्यात गरम होतात अशी अडचण निघाली, तेव्हा भगवंतांनी छताला आतून-बाहेरून लिंपण्याची अनुमती दिली. विहारांना खिडक्या नव्हत्या, आत नीट दिसेना, कुबट वास येई. तेव्हा कठड्याची, जाळीची आणि गजांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती मिळाली. पुढे त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तर पडद्याची सोय झाली. छपरांचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत चुन्याचेही आहे. भोगावे लागते म्हणून सोसत बसा, असे तेथे कोणी म्हटले नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर भर दुपारी जाऊन पाहा. डोक्यावरच्या जाड खडकातून ऊन आत उतरायला फार वेळ लागतो, आणि अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहात दारावरच्या मोठ्या कमानीतून उजेड व वारा आत येतो.

आपल्याजवळ डोंगर नाही, पत्रा आहे. पण रीत तीच : वरून ऊन अडवा, खालून हवा सोडा.

आम्ही आधी वळचणीचे सिमेंट फोडले आणि तेथे बारीक तारेची जाळी ठोकली, म्हणजे उंदीर-डास येत नाहीत. आढ्याजवळ त्रिकोणी भिंतीत समोरासमोर दोन झरोके पाडले व पावसासाठी त्यांना तिरप्या पट्ट्या लावल्या. गरम हवा वर चढून बाहेर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते. सातपूर-अंबडच्या शेडवर वाऱ्याने गरगरणारे चकचकीत घुमट कामगार बांधवांनी पाहिलेच आहेत. त्यांचेही काम हेच. नाशिकची रात्र दुपारच्या मानाने बरीच गार असते, हे आपले भाग्य. म्हणून झरोके रात्री उघडे हवेतच.

पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केले. त्या मधल्या जागेतली हवाही खेळती राहिली पाहिजे, नाहीतर छत करून उपयोग थोडा. थर्माकोल स्वस्त म्हणून पुष्कळजण लावतात. लावू नका. तो चटकन पेटतो, त्याचा धूर विषारी असतो, आणि आपल्या घरांत वायरी व गॅस त्याच्या जवळच असतात.

वरच्या बाजूला पांढरा रंग. गंज ब्रशने खरवडून, लाल प्रायमर मारून मगच रंग द्यावा. धाब्याला किंवा स्लॅबला चुना चालतो. पत्र्यावर त्याचे पापुद्रे निघतात, आणि चुन्यात मीठ घातले तर पत्रा गंजतो. अहमदाबाद महापालिकेने २०१७ साली वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले, तेलंगणाने २०२३ साली त्याचे धोरण जाहीर केले. नाशिककरांनीही आपल्या महापालिकेकडे हे मागायला हरकत नाही.

छत जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर मात्र ते खरवडू नका, त्याला भोक पाडू नका, त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते. त्या पत्र्यावर पायही देऊ नका, तो अचानक फुटतो. शिडीवर फळी टाकून लांबूनच रंग द्यावा.

१४ एप्रिलच्या आधी आपण सगळेच घरे रंगवतो. भिंती निळ्या करा, पण यंदा पहिला डबा छतासाठी काढा. वस्तीतल्या विहारावरही बहुधा पत्राच असतो. चार तरुणांनी एका रविवारी तोच आधी रंगवला, तर पुढच्या रविवारी वंदनेला बसलेल्यांना फरक कळेल आणि मग घरोघरी सांगत फिरावे लागणार नाही.