मॉडेलवर गोल मास्क हवाय? आधी भागाकार करा!

१/७२ स्केलच्या विमानाचं चाक रंगवताना ब्लेडने कापलेला मास्क जरा जरी वाकडा असला, तरी लगेच डोळ्यात भरतो. म्हणून मी टूल उचलण्याआधी हिशोब करतो. समजा, खरी रिम ३६० मिमी. भागिले ७२, म्हणजे फक्त ५ मिमी! कंपास कटर साधारण १० मिमीपासून पुढेच कामाचा. त्याहून लहान वर्तुळाला होल पंच वापरा. मास्किंग टेप स्टिकरच्या मागच्या गुळगुळीत कागदावर चिकटवून पंच केली की सहज सुटते. कंपास कटर मात्र कटिंग मॅटवर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. मधलं सुईचं भोक टेपच्या तुकड्याने झाका. आणि हो, कापल्यावर काहीच फेकू नका: गोल तुकडा रिम झाकतो, उरलेल्या भोकातून रिम रंगवता येते.