आटलेल्या लोकरीचे शास्त्र

बालाघाटाच्या उत्तरेस, गोदावरीच्या खोऱ्यात, परळी तालुक्यात वसलेला सिरसाळा आणि त्याच्या भोवतालचा कोरडवाहू मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, त्या काळी धनगराच्या मेंढ्यांची काळी, राठ लोकर आणि सणगराच्या मागावर तिचे होणारे घोंगडे हा मराठवाड्याच्या ग्रामव्यवहारातील महत्त्वाचा जिन्नस होता. आज त्याच दख्खनी मेंढीची कातरलेली लोकर गिऱ्हाइकाअभावी पुष्कळदा टाकून द्यावी लागते, आणि घरोघरी बाळाचे स्वेटर विणून उरलेले गुंडेही ट्रंकेच्या तळाशी कसरीच्या हवाली होतात. या दोहोंचा मेळ घालून कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकावयाचे घट्ट चेंडू घरच्या घरी करता येतात, आणि ते कसे घडतात हे समजून घेण्याजोगे आहे.

लोकरीचा तंतू केराटिन नामक प्रथिनाचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगावर शेंड्याकडे झुकलेले खवले दिसतात. त्यामुळे मुळाच्या दिशेने सरकताना त्यास घर्षण कमी आणि उलट सरकताना अधिक होते. धोतरात शिरलेले कुसळ चालणाऱ्याच्या पावलागणिक पुढेच जाते, मागे म्हणून येत नाही, तशीच या तंतूची गती एकमार्गी असते. पाण्यात त्याची जाडी सुमारे 16 टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्के. उष्णतेने तो लवचिक होतो, साबणाने निसरडा, आणि मग चोळण्याच्या प्रत्येक हिसक्यासरशी असंख्य तंतू आपापल्या मुळाच्या रोखाने सरकत एकमेकांत असे गुंततात की, ती गुंतागुंत पुन्हा सुटत नाही. ऊन पाण्यात आटलेला स्वेटर कितीही ताणला तरी पूर्ववत होत नाही तो याच कारणाने, आणि विणकामावाचून बुरणूस तयार होतो तोही याच गुणाच्या बळावर.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा माल अॅक्रिलिकचा असतो, आणि तो कधीही आटत नाही. म्हणून एक धागा जाळून पाहावा: खऱ्या लोकरीस केस जळाल्याचा वास येतो व राख बोटांत चुरते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. एवढ्यानेही खात्री होत नाही, कारण यंत्रात धुण्याजोगी म्हणून विकली जाणारी लोकर क्लोरीनने खवले झिजवून वर राळेचा लेप दिलेली असते. ती जळते लोकरीसारखी, पण चोळून घट्ट होत नाही. दख्खनी लोकर जाड व केसाळ असल्याने सुमारे 20 मायक्रॉनच्या मेरिनोइतकी सहज गुंतत नाही. यास्तव माझ्या मते तिचा गाभा करावा आणि वरून मऊ लोकरीचे वेढे द्यावेत. टेनिसच्या चेंडूएवढा गुंडा झाला की शेवट क्रोशाच्या सुईने आत ओढून, जुन्या नायलॉनच्या मोज्यात घट्ट गाठ मारून, कढत साबणपाण्यात धागे एकजीव होईपर्यंत घोळवावा.

असे चेंडू ओल शोषून कपडे वाळवतात, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ सामावून घेते हे खरे. परंतु ती वाफ तिला त्याच पिंपात परत सोडावी लागते, आणि लिटरभर पाणी शंभर अंशांवर वाफ होताना लागणारी सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता कोणत्याही चेंडूने माफ होत नाही. त्यांचे खरे काम ओल्या कपड्यांचा बोळा फोडून त्यांत गरम हवेस वाट करून देणे हे होय. शिवाय कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा स्निग्ध थर ते टॉवेलवर चढवीत नाहीत, त्यामुळे टॉवेलची पाणी टिपण्याची शक्ती शाबूत राहते.

अमेरिकेतील मराठी घरांत हे यंत्र नित्याचे असले, तरी सिरसाळ्याच्या उन्हात त्याची गरज क्वचितच पडावी. तेथे हीच क्रिया साबणाच्या वडीवर करावी. वडीला लोकर गुंडाळून ऊन पाण्यात चोळली की तिच्याभोवती जाड आवरण धरते, कॉलर-मनगटांचा मळ घासण्यास ते उत्तम, आणि साबण झिजत जाईल तसतसे तेही आटत वडीला बिलगून राहते. फक्त ती दरवेळी जाळीवर निथळत ठेवावी.