उसाची नोंद आणि पोरांची नोंद



लागणीची नोंद वेळेत करा, असे आम्ही शेतकी खात्याची माणसे नेहमी सांगत असतो. नोंद उशिरा तर तोड उशिरा, हे आता कुणाला शिकवावे लागत नाही. या खेपेस दुसऱ्याच एका नोंदीविषयी लिहितो, कारण तिच्यात माझीही चूक झालेली आहे.

मागे एका हंगामात गटातले एक सभासद बांधावर भेटले. म्हणाले, "साहेब, पोरगी बारावी झाली. सी.ए. व्हायचं म्हणती. फी कधी भरावी?" मी त्यांच्या उसाची तारीख पाहिली आणि बोलून गेलो, "जानेवारीत तोड बसतीय. बिल आलं की भरा, घाई कशाला?" मे महिन्याच्या परीक्षेसाठी नोंदणीची मुदत मात्र १ जानेवारीच होती. बिल आले, तारीख गेली. बाप काही बोलला नाही. पोरगी म्हणाली, "काका, उसाची तारीख सगळ्यांना पाठ, माझी कुणालाच नव्हती." त्यानंतर मी माहिती गोळा केली. ती अशी.

सी.ए.ची पहिली पायरी फाउंडेशन. दहावी पास झाली की तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षा बारावीनंतर. म्हणजे बिलाची वाट पाहायला दोन वर्षे हाताशी असतात. नोंदणी आणि परीक्षा यांत चार महिन्यांचे अंतर लागते. विषय चार : जमाखर्च, व्यापारी कायदे, गणित व संख्याशास्त्र, अर्थशास्त्र. प्रत्येकात ४० टक्के आणि सर्व मिळून ५० टक्के हवेत. पेपर इंग्रजी किंवा हिंदीतून. मराठी नाही, म्हणून भाषेची तयारी आधीपासून करावी. पुढे इंटरमिजिएट, मग सी.ए.च्या हाताखाली काम आणि शेवटी फायनल. हाताखालचे काम पूर्वी तीन वर्षांचे असे, २०२३ च्या नव्या योजनेत ते दोन वर्षांवर आले. त्या काळात विद्यावेतन मिळते. वाणिज्य पदवीला ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के असतील तर फाउंडेशन द्यावी लागत नाही.

ज्यांना हा पल्ला लांब वाटतो, त्यांच्यासाठी राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला बसता येते. पेपर सहा, त्यांत हिशेब, लेखापरीक्षण आणि सहकार कायदा येतो.

कुणी म्हणेल, उसाच्या माणसाला हे कशाला? प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांनी कारखाना उभा केला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला अध्यक्ष म्हणून अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. घाम आणि हिशेब तेव्हाही बरोबरच लागला. सहकार कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीने तर लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार वार्षिक सभेला, म्हणजे तुम्हा-आम्हाला दिला. त्याची निवड सरकारमान्य नामिकेतून करायची असते. हात वर करण्याआधी ताळेबंद वाचता आला पाहिजे. घरात एक जरी वाचणारा असला, तरी अख्ख्या गावाला उपयोग होतो.

ती पोरगी पुढच्या खेपेस बसली, एका विषयात गेली, पुन्हा बसली आणि पास झाली. आता इंटरमिजिएटचा अभ्यास करते आहे. तिचे गेलेले महिने मला परत देता येत नाहीत. म्हणून यंदा गट ऑफिसात लागणीच्या तारखांशेजारी मी परीक्षांच्या तारखाही लावल्या आहेत. नोंदीला याल तेव्हा तिकडेही नजर टाका.

– ऊस विकास अधिकारी