विश्लेषण : जिनिंगमध्ये सेन्सर कशासाठी?

राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाताना लागणारी अमरावतीची जुनी औद्योगिक वसाहत, नांदगाव पेठेतील टेक्स्टाइल पार्क आणि अकोल्याच्या डाळ मिल यांची अडचण एकच आहे. भर हंगामात यंत्र बंद पडणे कोणालाच परवडत नाही. यंत्रांना सेन्सर जोडून त्यांची माहिती सतत नोंदवण्याची पद्धत मोठ्या उद्योगांत रुळली आहे. वऱ्हाडातील जिनिंगला तिचा उपयोग किती?

बिघाड आधी कसा कळतो?

अनुभवी फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आवाज बदलला की त्याला समजते. कंपन मोजणारा सेन्सर हेच काम चोवीस तास करतो. बेअरिंगच्या आतल्या कडीला बारीक तडा गेला, की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी हलका ठोका देते. हे ठोके ठरावीक लयीत उमटतात आणि कंपनाच्या आलेखात वेगळे दिसतात. बेअरिंग तापते ते बरेच नंतर. म्हणजे हाताला चटका बसेपर्यंत दुरुस्तीची सोयीची वेळ निघून गेलेली असते. मोटारीच्या तारेभोवती बसवलेला करंट सेन्सर त्याहून स्वस्त. रोलर अडकला की करंट चढतो, कापूस पुढे आला नाही की उतरतो.

ओलाव्याचे गणित

खरा पैसा मात्र ओलाव्यात आहे. कापूस फार कोरडा असेल तर धागा तुटतो. फार ओला असेल तर रोलर कोंबतो, रुई पिवळी पडते. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने घटतो आणि १२ टक्क्यांवर खरेदीच होत नाही. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. १२ टक्के ओलावा निघाला तर ३२४ रुपये गेले. ही मोजणी बहुतेक वेळा जिनिंगच्या आवारातच होते. मीटरची सुई कापसाचा विद्युत रोध मोजते. त्यामुळे कापूस किती दाबला आणि गाडीत सुई कुठे खुपसली, यावर आकडा हलतो. वरचा थर उन्हाने वाळलेला, आतला दमट. अनेक ठिकाणचे आकडे वेळेसह नोंदवून शेतकऱ्याला छापील पावती देणारी व्यवस्था कोणत्याही झगमगत्या पडद्यापेक्षा मोलाची ठरेल.

आगीचे काय?

कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात ठिणगी पाडतो. हवेच्या नळीतून ती थेट रुईच्या ढिगात पोहोचते. नळीतील इन्फ्रारेड सेन्सर ठिणगी टिपतो आणि झडप तेवढी रुई बाहेर वळवते. इथे माणसाचा वेग पुरत नाही.

लहान कारखान्यांना जमेल?

सेन्सर हा प्रकार वऱ्हाडाला अगदीच नवा नाही. डाळ मिलमधील सॉर्टेक्स कॅमेऱ्याने दाण्याचा रंग ओळखते आणि हवेच्या झोताने खराब दाणा उडवते. जिनिंगची अडचण हंगामाची आहे. यंत्रे वर्षातील काही महिनेच चालतात. पहिला हंगाम तर यंत्राचे नेहमीचे कंपन किती, हे नोंदवण्यातच जातो. म्हणून सगळ्या यंत्रांना एकदम सेन्सर लावण्यात अर्थ नाही. जे बंद पडल्यावर पूर्ण कारखाना थांबतो, ते गाठी बांधणारे प्रेस आधी घ्यावे. इशारा आल्यावर यंत्र थांबवण्याचा अधिकार रात्रपाळीच्या फिटरला हवा, आणि उघडल्यावर आत काय सापडले हेही त्याने वहीत लिहायला हवे. त्या नोंदीशिवाय पुढच्या हंगामात आलेख वाचणार कसा?