मॉर्फिनला भारी पडणारा बेडूक

बेडकाला नख्या नाहीत, कवच नाही. कातडी तर इतकी पातळ, की तो तिच्यातून श्वासही घेतो. साप, पक्षी, मोठे कोळी, कोणीही त्याला गट्टम करावे! दक्षिण अमेरिकेतल्या काही चिमुकल्या बेडकांनी मग या कातडीलाच शस्त्र बनवले. तिच्यातल्या ग्रंथींत विष साठवायचे आणि भडक रंगांनी ते जाहीर करायचे. कोलंबियातल्या सोनेरी बेडकाचे विष तिथले एम्बेरा आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत.

त्याचा इक्वाडोरमधला एक भाऊबंद मात्र डॉक्टरांच्या जास्त कुतूहलाचा. लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, लालसर तपकिरी अंगावर फिकट पट्टे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉन डेली यांनी १९७४ मध्ये हे बेडूक गोळा केले. त्यांच्या कातडीचा अर्क उंदराला टोचल्यावर त्याची शेपटी पाठीवर कमानीसारखी वळली. मॉर्फिन दिल्यावर उंदरात हेच दिसते. पण मॉर्फिनचा असर उतरवणारे नॅलोक्सोन इथे निरुपयोगी ठरले. वेदना थांबत होती, ती मॉर्फिनच्या वाटेने नव्हे.

याचे महत्त्व कर्करोगाच्या रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाला सांगावे लागणार नाही. मॉर्फिनने कळ थांबते, पण बद्धकोष्ठता, गुंगी, वाढत जाणारा डोस आणि श्वास मंदावण्याची भीती सोबत येते. दुसरी वाट हवीच होती.

ती सापडायला वेळ लागला. सुमारे ७५० बेडकांच्या कातडीतून एक मिलिग्रॅमही शुद्ध द्रव्य हाती आले नाही. बंदिस्त जागेत वाढवलेल्या बेडकांत तर विषच नव्हते! हे बेडूक विष स्वतः बनवत नाहीत, जंगलातल्या खाण्यातून मिळवतात. तेवढासा नमुना जपून ठेवावा लागला. उपकरणे सुधारल्यावर, १९९२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. नाव ठेवले एपिबॅटिडिन. वेदना शमवण्यात मॉर्फिनच्या सुमारे २०० पट जोरकस, आणि रचनेत चक्क निकोटिनच्या जवळचे.

अडचण नेमकी तिथेच आहे. निकोटिन ज्या रिसेप्टरना चिकटते, ते मेंदूत असतात तसे स्नायूंवरही असतात. नाग चावल्यावर पापण्या मिटू लागतात, श्वास अडखळतो, तेव्हा नागाच्या विषाने स्नायूंवरचे असेच रिसेप्टर अडवलेले असतात. एपिबॅटिडिन ते अडवत नाही, उलट बेसुमार चेतवते. रक्तदाब चढतो, झटके येतात, श्वास थांबतो. वेदना शमवणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फारच थोडे. एका औषध कंपनीने त्यावरून सौम्य रेणू बनवला, माणसांवर चाचण्याही केल्या. वेदना कमी झाल्या. पण मळमळ, उलट्या, चक्कर यांनी रुग्ण हैराण झाले आणि तो नाद सोडावा लागला.

मग बेडूक स्वतः कसा वाचतो? याचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. त्याच्या रिसेप्टरच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललेले आहे. त्यामुळे विषाची पकड ढिली पडते. पण त्याच रिसेप्टरवर शरीराचे स्वतःचे अ‍ॅसिटिलकोलिनही काम करते. त्याची पकड सुटली असती, तर बेडूक विषाशिवायच लुळा पडला असता. ती उणीव प्रथिनातल्या आणखी काही बदलांनी भरून काढली आहे. परके द्रव्य दूर, घरचे जवळ. औषधशास्त्रज्ञांना नेमका असा नेम अजून साधायचा आहे.