नावं जपणारं गाव : आफ्रिकाटाउन

अलाबामातल्या मोबील शहराच्या उत्तरेला, नदीकाठच्या कारखान्यांच्या आणि चौपदरी रस्त्याच्या कचाट्यात आफ्रिकाटाउन आहे. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांना या वस्तीचं मोठं अप्रूप, आणि ते रास्तच आहे.

१८६० सालच्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी असे. वर मालकाचं नाव, त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग आणि वर्ण. माणसाच्या नावाला रकानाच नव्हता. मुक्त झालेल्यांची नावं कागदावर आली ती १८७० मध्ये. त्यामुळे आपल्या खापरपणजोबांना शोधत निघालेले बहुतेकजण या सालापाशी येऊन अडतात.

आफ्रिकाटाउनची वाट मात्र थेट समुद्रापार जाते. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. तरीही टिमथी मेहर या धनिकाने पैज लावून ‘क्लोटिल्डा’ जहाज धाडलं आणि जुलै १८६० मध्ये सुमारे ११० जणांना चोरून इथं उतरवलं. पुरावा राहू नये म्हणून कप्तान विल्यम फॉस्टरने जहाजच जाळलं.

१८६५ मध्ये हे लोक मुक्त झाले. मायदेशी परतायचं तर तेवढे पैसे गाठीशी नव्हते. मेहरकडे जमीन मागितली. त्याने नकार दिला. मग मजुरीतून पै-पै साठवून त्यांनी जमीन विकत घेतली, घरं बांधली, चर्च उभारलं आणि मुलाबाळांना आपली कूळकथा सांगत राहिले. त्यांच्यातल्या कजो लुईसचं मूळ नाव कोसोला. त्याची कहाणी लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी त्याच्याच तोंडून ऐकून लिहून काढली, पण ते पुस्तक छापलं गेलं २०१८ मध्ये! कोसोला १९३५ मध्येच वारला होता. चर्चसमोर त्याचा अर्धपुतळा आहे. जवळच्या जुन्या दफनभूमीत त्याच्यासारखेच जहाजातून आलेले आणखीही काहीजण विसावले आहेत.

२०१९ मध्ये मोबील नदीच्या गाळात क्लोटिल्डाचे अवशेष ओळखले गेले आणि पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या इतिहासाला लाकडा-लोखंडाचा पुरावा मिळाला. २०२३ पासून गावातल्या ‘हेरिटेज हाउस’मध्ये त्यातले काही तुकडे पाहायला मिळतात. पाहुण्याने तिथूनच सुरुवात करावी.

पण जहाजातले सगळेच काही या गावात राहिले नाहीत. दोन वर्षांची मटिल्डा आईबरोबर आतल्या भागात विकली गेली. १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडलेली ही बाई पंधरा मैल चालत सेल्माच्या न्यायालयात गेली आणि तिने नुकसानभरपाई मागितली. न्यायाधीशाने मागणी फेटाळली. ती वारली १९४० मध्ये. अलीकडे हॅना डर्किन या संशोधिकेने जुन्या वर्तमानपत्रातली तिची मुलाखत उजेडात आणली, तेव्हा कुठे तिच्या वयोवृद्ध नातवाला कळलं की आपली आजी क्लोटिल्डावरून आली होती.