सेवा करणाऱ्याची रजा

अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करणाऱ्या मुलीलाच ताप आला, तर आईकडे कोण बघणार? जर्मनीत या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, आणि तेही युरोमध्ये: वर्षाला जास्तीत जास्त ३,५३९. मुलगी आजारी पडो की चार दिवस समुद्रकिनारी जाऊन पडो, तेवढ्यापुरता तिच्या जागी बदली माणूस ठेवायला किंवा आईची सोय एखाद्या शुश्रूषागृहात करायला ही रक्कम वापरता येते. सेवा करणारे माणूस थकते, एवढे त्या कायद्याने मान्य केले आहे.

पैसा येतो पगारातून. १९९५ साली तिथे शुश्रूषा विमा सक्तीचा झाला. त्यासाठी हटून बसलेले कामगारमंत्री नॉर्बर्ट ब्ल्यूम यांच्यापुढची अडचण अशी, की हप्त्याचा निम्मा वाटा मालकांनी उचलायचा होता आणि त्याची भरपाई त्यांना हवी होती. शेवटी कामगारांच्या एका सणाच्या सुट्टीवर गदा आली. नोव्हेंबरातला प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा प्रॉटेस्टंट सण जवळपास सगळ्या देशात कामाचा दिवस झाला. एकट्या सॅक्सनी राज्याने सुट्टी सोडली नाही. म्हणून तिथल्या नोकरदारांच्या पगारातून आजही इतरांपेक्षा जास्त कपात होते. सुरुवातीला पगाराच्या १ टक्का असलेला हप्ता २०२५ मध्ये ३.६ टक्क्यांवर पोचला आहे. मूलबाळ नसलेल्यांना ४.२ टक्के. म्युनिक किंवा स्टुटगार्टमध्ये नोकरी करणारी मराठी मंडळीही पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दर महिन्याला पाहतात.

लाभ मिळवायचा तर आधी विमा यंत्रणेचा तपासनीस घरी येतो. म्हातारीला अंघोळ स्वतः करता येते का, रात्री ती भ्रमात उठून हिंडते का, गोळ्या कोण देते, हे पाहून पाचपैकी एक श्रेणी ठरते. दुसऱ्या श्रेणीपासून पुढे घरच्यांनी सेवा केली तर महिन्याला भत्ता मिळतो. तिसऱ्या श्रेणीला तो ५९९ युरो आहे. बदलीची रक्कम त्याहून वेगळी. जुलै २०२५ पूर्वी तिच्या दोन पिशव्या होत्या, एक घरी येणाऱ्या बदली माणसासाठी आणि दुसरी शुश्रूषागृहातल्या मुक्कामासाठी. एकीतले पैसे दुसरीत नेताना लोकांच्या नाकी नऊ येत. शिवाय सहा महिने सेवा केल्यावरच बदलीचा हक्क मिळे. आता दोन्ही पिशव्या एकत्र झाल्या, सहा महिन्यांची अट गेली आणि वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. त्या काळात मासिक भत्ताही निम्मा चालू राहतो.

मात्र या योजनेतला सर्वात शहाणा भाग तासांच्या हिशेबात आहे. बदली माणूस दिवसाला आठ तासांपेक्षा कमी वेळ आला, तर तो दिवस आठ आठवड्यांतून वजा होत नाही आणि भत्ताही कापला जात नाही. म्हणजे दर गुरुवारी दुपारी शेजारीण येऊन बसली, तिला त्याचे पैसे मिळाले आणि मुलगी बँकेत, दवाखान्यात किंवा मैत्रिणीकडे जाऊन आली, तर ते नियमात बसते. सलग पंधरा दिवसांची सुट्टी फार थोड्यांच्या नशिबी असते; मोकळी दुपार पुष्कळांना परवडते.

सख्ख्यांच्या बाबतीत मात्र सरकार हात आखडता घेते. बदलीला सख्खी बहीण आली, तर साधारणपणे मासिक भत्त्याच्या दुप्पट, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत १,१९८ युरोंपर्यंतच मिळतात. वर हवे तर तिचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. शेजारणीला तेवढी मर्यादा नाही.

२०२३ च्या अखेरीस जर्मनीत सुमारे ५७ लाख लोकांना शुश्रूषेची गरज होती आणि त्यांपैकी ८६ टक्के घरीच होते. शुश्रूषागृहांत थोड्या दिवसांसाठी खाट मिळणे कठीण, कारण कायमचा रहिवासी ठेवणे संस्थांना सोपे जाते. खोलीचे भाडे आणि जेवण या रकमेत धरलेले नाही, ते बहुतांशी घरच्यांनीच द्यायचे. पैसे मंजूर, पण खाट नाही आणि माणूसही नाही, अशी तिथली रड आहे. माणसांच्या शोधात जर्मनी आता इकडे पाहते आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य ठरवले. सांभाळणाऱ्याच्या विसाव्याचा विचार त्यात नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना मात्र नेमकी याच कामाची आहे. तीत स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळते आणि पालकांना काही दिवस उसंत मिळावी म्हणून त्या अपंग मुलामाणसांना ठेवून घेतात. पण न्यासाचे क्षेत्र स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढेच. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेले वडील त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ब्युरोतून मावशी बोलावतात, आणि तिचे पैसे घरचेच देतात.